उलट्या बाजूची बटणं

सोमवार, ३ जून

चि. भिंगरीस,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवलं असशील, तर प्रश्नच मिटला. फोडलं असशील तर आधी सांगतो, घरात सगळे बरे आहेत. कुणी आजारी नाही, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. तेवीस वर्षांनी बापाचं पत्र आलं की माणसाच्या मनात आधी तेच येणार.

पत्ता तुझ्या आईने दिला, पण सहजासहजी नाही. ती वर्षातून दोनदा तुझ्याकडे येऊन आठ-आठ दिवस राहते. परत आली की मी विचारतो, कशी आहे? ती म्हणते, बरी आहे. एवढ्या दोन शब्दांवर मी सहा-सहा महिने काढतो. या वेळी पत्ताच मागितला तर म्हणाली, कशाला, माप घ्यायला जायचंय का? चार दिवस मला लोंबकळत ठेवलं. शेवटी काल एका चिठोऱ्यावर लिहून मशीनवर ठेवला आणि उडून जाऊ नये म्हणून वर कात्री ठेवली. 

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोन तू ठेवून दिलास तर मला कळणार. पत्र फाडलंस तर कळणार नाही. म्हातारा झालो तरी तेवढी अक्कल शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या संघातला गोली मागच्या आठवड्यात दुकानात आला होता. तू त्याला ओळखणार नाहीस. तेव्हा गोलच्या दोन खांबांमध्ये तिसऱ्या खांबासारखा उभा असायचा, आता कंबर चव्वेचाळीस आहे आणि पॅन्ट बेचाळीसचीच शिवा म्हणून हट्ट धरतो. तो माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सचिव झालाय. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून ३० तारखेला कार्यक्रम आहे. हॉलमध्ये जिंकलेल्या संघांच्या नावांचा जो मोठा फळा आहे, त्यावर तुमच्या वर्षाची जागा अजून कोरीच आहे. तिथे तुमच्या अकरा जणांची नावं लिहायची ठरलंय. अकरावं नाव दादाचं नाही, तुझं. खेळली ती, तर नाव तिचंच, असं नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी लावून धरलं म्हणे.

त्या दिवशी मीही दोन शब्द बोलावेत असं गोलीचं म्हणणं आहे. कशावर, तर तू माझ्या डोळ्यांत धूळ कशी फेकलीस त्यावर. ती गोष्ट इथे अजून सांगतात. टेलर मास्तर अख्ख्या गावाची मापं घेतो, पण त्याची चौदा वर्षांची पोरगी केस कापून, भावाच्या नावावर, मुलांच्या संघात वर्षभर फुटबॉल खेळली आणि मास्तरला पत्ता नाही. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईक त्याला ती ऐकवतं, मग मीही वर दोन वाक्यं जोडतो. लोक हसतात. हसता हसता माप घेण्यापुरता तरी माणूस जागेवर उभा राहतो.

तू यावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे. माझीही आहे. मला खरंच काही माहीत नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. पण झालं ते झालं, आता किती दिवस ते उराशी धरायचं?

आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो दिलाय असं समज.

तुझे बाबा

मंगळवार, ११ जून

चि. भिंगरीस,

काल तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्या आईच्या शेजारीच बसलो होतो. काजं करत होतो. ती फक्त "हो", "बरं", "सांगते" एवढंच म्हणत होती. फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "ती म्हणते, पत्र वाचलं. 'मला खरंच काही माहीत नव्हतं' इथपर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं."

मी म्हटलं, आणखी काही? ती म्हणाली, आणखी काय हवंय.

तर मागच्या पत्रातली ती ओळ खोडून टाक.

मला माहीत होतं. सुरुवातीला नव्हतं, हे मात्र शपथेवर सांगतो. तुझे केस कापले तेव्हा तुम्ही दोघांनी उवांचं कारण सांगितलंत आणि मी ते मानलं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दादाने केस कापायला माझी कापडाची कात्री घेतली होती. केसांनी तिची धार गेली, आणि पुढे आठवडाभर मला कापडाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. त्याला मी दोन ठेवून दिल्या, तुला काही बोललो नाही. उवा झालेल्या पोरीला काय बोलायचं?

डोळे असून आंधळा म्हणतात तो मी. समोर सगळं होतं. सकाळच्या पाळीत मुलींची शाळा, दुपारच्या पाळीत मुलांची. तू साडेअकराला घरी यायचीस आणि संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचीस. दादा पहिल्याच दिवशी मैदानाची एक फेरी मारून धापा टाकत बसला होता, त्याच्या छातीचं दुखणं तुला माहीतच आहे. पण पीटीच्या सरांनी त्याचं नाव यादीत घातलं होतं. सर त्याच वर्षी नवे आले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या नावाला तू हजेरी दिलीस. पोरांना पहिल्यापासून ठाऊक होतं, असं आता गोली सांगतो. मग गप्प का बसलात, असं मी विचारलं. तर म्हणाला, मास्तर, ती गोल करत होती.

मला कळलं ते ऑक्टोबरात. मी पीटीच्या सरांची शिवलेली पॅन्ट द्यायला मैदानावर गेलो होतो. कुंपणाबाहेर उभा राहिलो. डाव्या बाजूने एक पोरगा चेंडू घेऊन सुटला आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. दादाचे खांदे पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. अर्धा इंच उतरलेला डावा खांदा आपल्या घरात एकाच माणसाचा आहे, आणि त्याला मी पहिल्या झबल्यापासून कपडे शिवलेत. चेहरा वळायच्या आधीच मी तुला ओळखलं होतं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं? आत जाऊन कान धरून घरी आणायला हवं होतं, किंवा घरी आल्यावर विचारायला हवं होतं. मी पॅन्ट बगलेत मारून तसाच उभा राहिलो. तू एकाला डावीकडे झुकवून उजवीकडून गेलीस, आणि तो पडला. मला हसू आलं. शेजारी उभा असलेला भाजीवाला म्हणाला, कुणाचं पोर आहे हो? मी म्हटलं, कोण जाणे.

मग दर शनिवारी माझा दोरा संपायला लागला. तुझी आई म्हणायची, एवढा दोरा पिता की काय. दोऱ्याच्या दुकानाकडचा रस्ता मैदानावरून जातो, हे तिलाही माहीत होतं. मी कधी पूर्ण सामना बघितला नाही. मध्यंतरानंतर निघायचो, म्हणजे तुझ्या आधी घरी. तू आलीस की विचारायचो, अभ्यास झाला? तू म्हणायचीस, झाला. मी म्हणायचो, कठीण होता? तू म्हणायचीस, दोन गणितं सुटली. तू दोन गोल केलेले असायचेस.

भिंगरे, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले शनिवार होते. हे मी आजवर तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

बाबा

सोमवार, १७ जून

चि. भिंगरीस,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहायला घेतलंय तर पुरतं लिहितो.

शनिवारी गोली परत आला, हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाला, मास्तर, शाळेच्या कपाटात सापडला, काचेच्या चौकटीत लावायचाय, जरा धुऊन इस्त्री करून द्या. पिशवीत तुझा शर्ट होता. निळा, अकरा नंबरचा. कॉलर पिवळी पडली होती, बाकी धड होता. त्याने तो टेबलावर पसरला आणि हसत म्हणाला, "पोरीने तुमच्याच मशीनवर चोरून शिवला आणि बटणं बायकी बाजूला लावून बसली. तिथेच सापडली. नाहीतर आजवर कळलं नसतं." दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. मीही हसलो.

तो गेल्यावर तुझी आई आतून आली. तिने शर्ट उचलला, बाहीच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. म्हणाली, "तुमचा टाका मी अंधारात हात लावून ओळखेन. तेवीस वर्षं मी वाट बघतेय, तुम्ही कधी ओळखताय." आणि आत गेली. म्हणजे तिलाही माहीत होतं. या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त तोंड कुणालाच नव्हतं.

तेव्हा आता शर्टाचं.

अंतिम सामन्यासाठी शाळेने अकरा शर्ट शिवायला दिले. मापांची यादी पीटीच्या सरांनी पाठवली. अकरा नंबरसमोर दादाचं नाव आणि दादाचं माप. त्या मापाने शिवला असता तर तुला गळ्यात गोणपाट घातल्यासारखा झाला असता. मी यादी बाजूला ठेवली आणि तुझ्या मापाने कापला. डाव्या खांद्याला आतून पट्टी दिली, म्हणजे दोन्ही खांदे सारखे दिसतील. तू चौदा संपून पंधराव्यात होतीस. बापाला जे दिसतं ते मैदानावर चार लोकांना दिसू नये, म्हणून पुढच्या भागाला दुहेरी कापड लावलं. एकाच शर्टाला लावलं तर उठून दिसेल, म्हणून अकराही शर्टांना लावलं. पोरं बिचारी त्या शर्टात उकडून निघाली. गोली अजून तक्रार करतो की तसले जाड शर्ट जन्मात बघितले नाहीत.

एवढा विचार केला, आणि बटणांवर माती खाल्ली. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजव्या हाताला, बायकांच्या डाव्या हाताला, हे मी डोक्याने ठरवत नाही. चाळीस वर्षं माझे हातच ते ठरवत आलेत. समोर कोणाचं अंग आहे ते मनात असतं आणि पट्टी त्या बाजूला जाते. दहा शर्ट शिवताना माझ्या मनात दहा पोरं होती. अकरावा शिवताना तू होतीस. मन लावून शिवला म्हणून चुकला, असं दुसरं उदाहरण माझ्या धंद्यात नाही.

तू तो घालून बघितलास तेव्हा तुझ्या लक्षात आलंच असणार. तू आतल्या खोलीतून बाहेर आलीस, दाराशी थांबलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी सुईत दोरा ओवत होतो. मला वाटलं, तू आता काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, "बाबा, दादाचा शर्ट छान झालाय." मी म्हटलं, "बसला ना नीट? मग झालं." त्या क्षणी तुला कळलं की मला माहीत आहे, आणि मला कळलं की तुला कळलंय. बटणांचं तू सांगितलं नाहीस. मला वाटतं, उसवून परत लावायला दिला तर ते बोलावं लागेल, म्हणून सांगितलं नाहीस. मीही बघितलं नाही. बोलायचं टाळता टाळता आपण दोघांनी तो शर्ट तसाच मैदानावर पाठवला.

त्या दिवशी मी पूर्ण सामना बघितला. तुझा गोल बघितला. डाव्या पायाने, कोपऱ्यातून. कुंपणाबाहेर मी एकटाच माणूस होतो ज्याने टाळी वाजवली नाही, कारण दोन्ही हातांनी तार धरली होती. मग बिल्ले लावायला पाहुण्यांच्या पत्नी एकेका पोरासमोर आल्या. दहा पोरांच्या शर्टाला त्यांचा हात सरळ गेला. तुझ्यापाशी अडला. त्या हसून म्हणाल्या, "हे काय, या मुलाने बहिणीचा शर्ट घातलाय." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शेजारी हरलेल्या संघाचे सर उभे होते, आणि हरलेल्या माणसाची नजर फार तीक्ष्ण असते. त्यांनी तुझ्या शर्टाकडे बघितलं, मग गळ्याकडे, मग मनगटांकडे, आणि नाव विचारलं. तू दादाचं सांगितलंस. गर्दीत दादा उभा होता. ते नाव खरं कुणाचं, ते सांगायला दहा जण तयार होते.

तुला पकडून दिलं ते माझ्या हातांनी. पुढचं मला आज लिहवत नाही.

बाबा

रविवार, २३ जून

भिंगरे,

काल दादा आला होता. त्याला सांगितलं, मी कार्यक्रमात खरं बोलणार आहे. तो म्हणाला, बाबा, मेलेलं प्रकरण कशाला उकरताय, लोक तुम्हाला प्रेमाने हसतात, ते चांगलं आहे की. मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या जिवावर हसतात. तो उठून चपला घालायला लागला. त्यालाही त्याचं काही असेल. त्याचं नाव तुला दिलं तेव्हा तोही लहानच होता.

आता मोठ्या सरांच्या खोलीचं.

सामना शनिवारी झाला, आपल्याला सोमवारी बोलावलं. खोलीत मोठे सर, पीटीचे सर, स्पर्धेच्या समितीचा एक माणूस, तू आणि मी. तू शाळेच्या गणवेशात होतीस, केस अजून आखूड. मोठे सर मला म्हणाले, मास्तर, मी एकच प्रश्न विचारतो. हे तुमच्या संमतीने झालं की संमतीशिवाय? संमतीने झालं असेल तर दोष पालकांचा. मग मी मुलीला ताकीद देईन, ती शाळेत राहील, आणि शाळेचा तुमच्याशी असलेला संबंध मात्र संपेल. संमतीशिवाय झालं असेल तर तिने शाळेला, संघाला आणि आईबापांनाही फसवलं. मग तिचं नाव काढावं लागेल.

बघ, किती सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. असा सरळ प्रश्न माणसाला जन्मात एकदा मिळतो.

शाळेचा संबंध म्हणजे दरवर्षीचे गणवेश, तुला माहीतच आहे. पण सगळा दोष गणवेशांवर ढकलणार नाही. मला लोकांची भीती वाटली. बाप असून पोरीला मुलाचे कपडे शिवून नाचवतो, असं म्हणतील ही भीती. मूर्ख म्हणवून घेणं मला त्यापेक्षा स्वस्त वाटलं. माझ्यापुढे कागद ठेवला. मी लिहिलं, मला काही माहीत नव्हतं. समितीचा माणूस म्हणाला, आणि शर्ट? तो तर तुम्ही शिवला ना? मी लिहिलं, दहा शर्ट मी शिवले. अकरावा तिने माझ्या मशीनवर चोरून शिवला.

तुला तेव्हा साधं बटण लावता येत नव्हतं. दादाच्या सदऱ्याचं लावायला बसलीस तर सदऱ्याबरोबर तुझा परकरही शिवून ठेवायचीस.

तू माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. माझ्या हातांकडे बघत होतीस. मोठ्या सरांनी तुला विचारलं, "तुझे वडील म्हणतात ते खरं आहे?"

तू म्हणालीस, "हो."

एवढं एकच. मी सही केली. दुकान उघडं टाकून आलोय असं म्हणालो आणि निघालो. तुला बरोबर घेऊन यायचंही सुचलं नाही. त्या आठवड्यात तुझी आई तुला मावशीकडे सोडून आली. तू दहावी तिथेच केलीस, पुढचंही तिथेच. दादाच्या लग्नाला आलीस ती हॉलच्या दारातूनच आहेर देऊन परत गेलीस. मी आत पाहुण्यांना फुलं देत होतो. कुणीतरी सांगितलं तेव्हा बाहेर धावलो. रिक्षा वळताना तुझा खांदा दिसला.

मी ३० तारखेला हे सगळं सांगणार आहे. तू ये किंवा येऊ नको.

बाबा

मंगळवार, २ जुलै

चि. भिंगरीस,

सांगितलं. ऐक काय झालं ते.

हॉल भरला होता. फळ्यावर तुझं नाव पांढऱ्या रंगात लिहिलंय, दादाच्या नावाला एक अक्षरही मिळालेलं नाही, आणि तो पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. शर्ट काचेत लावलाय. गोलीने माझी ओळख करून दिली. म्हणाला, गावातला एकमेव शिंपी ज्याला घरचं माप चुकलं. लोक माझ्या बोलण्याआधीच हसायला लागले.

मी म्हटलं, मला माहीत होतं. तो शर्ट मी शिवलाय. तिने मला फसवलं नाही. मी मोठ्या सरांसमोर खोटं लिहून दिलं आणि तिने माझ्यासाठी ते खोटं खरं म्हटलं.

आधी हसले, त्यांना वाटलं मास्तरांची नेहमीची गंमत. मी परत सांगितलं. मग हसणं थांबलं. मला वाटलं, आता कुणीतरी उठून दोन शब्द सुनावेल. मी तयार होतो. पण कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "बापाचं काळीज. म्हातारपणी पोरीचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतोय." बायका येऊन माझ्या पाया पडल्या. दुहेरी कापडाचं सांगायला मी परत उठलो तोवर माइक गाणं म्हणणाऱ्या मुलींकडे गेला होता.

खोटं बोललो तेव्हा लोकांनी लगेच खरं मानलं, आणि खरं बोललो तेव्हा मला थोर माणूस करून टाकलं. काल दिवसभर दुकानात लोक येऊन हात जोडून गेले. आधी हसायचे ते बरं होतं.

घरी आल्यावर तुझ्या आईला म्हटलं, आता काय करू? ती म्हणाली, त्यांना सांगून झालं, आता जिला सांगायचंय तिला विचारा.

म्हणून विचारतो. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो मोठा शब्द आहे आणि माझ्या तोंडी शोभत नाही. या जगात मला खोटारडा म्हणू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते तू आहेस. तू कधी म्हटलंच नाहीस. त्या खोलीत नाही, नंतर नाही, तुझ्या आईपाशीही नाही. एकदा म्हण. कागदावर म्हण, फोनवर म्हण. तुझ्या मनात काय आहे ते मला ऐकायचंय. मोठ्या आवाजात ऐकायची तयारी आहे.

बाबा

मंगळवार, ९ जुलै

भिंगरे,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. पोस्टमनने वाचलं असणार, कारण दिलं आणि लगेच निघून गेला, नेहमीसारखं पाणी मागितलं नाही.

तू लिहिलंस ते मी इथे परत उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात. शर्ट तुम्ही शिवला होता. मी हो म्हटलं, कारण मला वाटलं, मी हो म्हटलं की तुम्हाला सहन होणार नाही आणि तुम्ही म्हणाल, नाही, ती खोटं बोलतेय. तुम्ही सही करून गेलात. मी बाहेरच्या बाकावर बसले. मला वाटलं, रस्त्यातून परत याल. शिपायाने साडेसहाला कुलूप लावलं तोपर्यंत बसले होते."

मला ते माहीत नव्हतं. बघ, या वेळी हे वाक्य खरं आहे.

मी चारला दुकानात पोचलो होतो. त्या संध्याकाळी मी एका माणसाचा कोट शिवला. कॉलर फार छान बसली होती, ते अजून आठवतंय. तू दिवे लागल्यावर घरी आलीस. मी मशीनवरून मान न उचलता विचारलं, "एवढा वेळ कुठे होतीस?" तू म्हणालीस, "कुठे नाही." मी म्हटलं, "हात-पाय धू, जेवायला बस." शाळा आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. अडीच तास तू तिथे बसली होतीस आणि मी दहा मिनिटं चाललो नाही.

दुपारपासून मी दुसरं काही करू शकलेलो नाही. तुझ्या आईने कार्ड वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली. मग दोघं रडलो. या वयात रडायला फार वेळ लागतो, आणि थांबायलाही.

मी गुरुवारी सकाळच्या बसने येतोय. दोनच्या सुमारास पोचेन. तुझ्या इमारतीच्या जिन्यापाशी कट्टा आहे, असं तुझी आई म्हणते. मी तिथे बसेन. तू सुट्टी घेऊ नकोस. तू शाळेची बस चालवतेस हे तुझ्या आईने आजच सांगितलं, ती नेहमीसारखी चालव, मुलांना वेळेवर घरी सोड. येता-जाता माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल, वर बोलावलं नाहीस तरी चालेल. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव, मी तेच म्हणेन. साडेसहा वाजले म्हणून उठणार नाही. रात्री स्टँडजवळच्या लॉजवर जाईन आणि सकाळी परत येऊन बसेन.

दुकानाला कुलूप लावून किल्ली दादाकडे दिली आहे. कधी येणार विचारलं त्याने. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

तुझी आई निघताना दोन दिवसांचा डबा बांधून देणार आहे. तिसऱ्या दिवसाचं मी बघेन.

बाबा